नॉनस्टिक की बिडाचा तवा: निगा कोणाची झेपेल?

घावन, आंबोळी, डोसा यांसाठी नवा तवा घ्यायला गेलं की किंमत आणि वजन दुकानातच कळतं. घरी आल्यावर खरा फरक पडतो तो वेगळ्याच दोन गोष्टींनी: भांडी कोण घासतं आणि गॅस किती मोठा ठेवायची सवय आहे. नॉनस्टिक तवा खराब होतो तो बहुतेक वेळा मोरीत, नाहीतर रिकामा तापून.

आधी आचेचं बघू. नॉनस्टिकचा थर पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉन या नावाने आपल्याला माहीत असलेल्या प्लॅस्टिकचा. साधारण २६० अंश सेल्सिअसपर्यंत तो टिकतो, पुढे हळूहळू बिघडतो. ३५० अंशांच्या वर तर त्याचं विघटन होऊन वाफा निघतात. पिंजऱ्यातल्या पोपटाचा त्यांनी जीव जाऊ शकतो, म्हणून पक्षी पाळणाऱ्यांनी जास्तच जपावं. २६० हा आकडा लांबचा वाटतो, पण अ‍ॅल्युमिनियमचा रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवून पीठ कालवायला वळलात, तर काही मिनिटांत तो तिथे पोहोचतो. म्हणून पीठ आधी तयार ठेवायचं, तव्याला तेलाचं बोट फिरवायचं आणि आच मध्यमच ठेवायची. पोळ्या-भाकरी त्यावर नकोतच. त्यांना कडक तापलेला तवा लागतो आणि एक काढून दुसरी टाकेपर्यंत तो रिकामाच तापत राहतो.

बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला (कास्ट आयर्न), या आचेची भीती नाही. तो सावकाश तापतो, पण तापला की उष्णता धरून ठेवतो. थालीपिठाला खालून जो खरपूस पापुद्रा धरतो, तो नॉनस्टिकवर तसा येत नाही. मात्र सुरुवातीला कष्ट आहेत. नवा तवा धुवून आचेवर पूर्ण कोरडा करायचा, तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा, धूर येईपर्यंत तापवायचा, गार करायचा आणि हेच पुन्हा पुन्हा करायचं. तापलेल्या तेलाचा कडक थर बसतो आणि त्यावरच घावन सुटतं. पहिली काही घावनं चिकटली तर तव्याला दोष देऊ नका. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर घासत राहा, तवा वळणावर येतो.

आता मोरी. नॉनस्टिकला मऊ स्पंज, लाकडी किंवा सिलिकॉनचं उलथनं आणि गार झाल्यावरच पाणी, एवढं पुरतं. पण भांडी घासणाऱ्या मावशींच्या हातात तारेची घासणी असेल, तर नवा तवा थोड्याच दिवसांत चरे पडून येतो. त्यांचा दोष नाही, ढीगभर भांड्यांत एकच तवा वेगळा लक्षात ठेवायचा कसा? तो जेवणानंतर आपणच धुवून, मध्ये फडकं घालून ठेवावा. बिडाचा तवाही आपणच सांभाळायचा: भिजत टाकायचा नाही, धुवून लगेच आचेवर सुकवायचा, तेलाचं बोट फिरवायचं. कोकणातल्या पावसाळ्यात एक रात्र ओला राहिला तरी गंज धरतो. पण गंज घासून काढता येतो, तेलाचा थर पुन्हा बसवता येतो. नॉनस्टिकचा गेलेला थर घरी परत येत नाही. माझ्या मते दोघांतला सर्वांत मोठा फरक हाच. बिडाला जपायचं ते पडण्यापासून आणि तापलेला असताना गार पाण्यापासून. दोन्हींनी तो तडकतो.

‘पीएफओए फ्री’ या शिक्क्याने थराचं आयुष्य वाढत नाही. पीएफओए हे थर बनवताना वापरलं जायचं असं एक रसायन, आणि ते वापरलेलं नाही एवढंच हा शिक्का सांगतो. सिरॅमिक थर जास्त उष्णता सोसतो, पण न चिकटण्याचा त्याचा गुण लवकर जातो. मी तो सुचवणार नाही.

एकच तवा घ्यायचा असेल आणि मनगटं धड असतील, तर बिडाचा घ्या. वयस्कर माणूस स्वयंपाक करत असेल, संधिवात असेल किंवा रोज अंडी नि धिरडीच होत असतील, तर जाड बुडाचा नॉनस्टिक बरा, आणि पोळीला साधा लोखंडी तवा वेगळा. इंडक्शन असेल तर नॉनस्टिकचं बूड त्यासाठीचं आहे ना, हे बघून घ्या. बीड इंडक्शनवर चालतं, फक्त काचेवरून ओढू नका. नॉनस्टिकचा थर सोलवटायला लागला किंवा घावन मध्यभागी धरू लागलं, की तेल वाढवून तोच तवा ओढत बसू नका, बदलून टाका.