कन्फर्म अपग्रेडचे २५ हजार

टेरी टॉवेलचा धंदा असल्यानं दर जानेवारीत फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टिल प्रदर्शनाची वारी ठरलेली. सोलापुरातली गड्ड्याची जत्रा बुडते, पण माइल्स, म्हणजे विमान कंपनीचे प्रवासाचे पॉइंट, साठतात. यंदा गुडघा कुरकुरत होता. म्हटलं, माइल्स वापरून एकदा बिझनेस क्लासनं जाऊ.

विमान कंपनीच्या ॲपवर अपग्रेडची, म्हणजे इकॉनॉमीच्या तिकिटावर बिझनेसची सीट मिळण्याची, विनंती टाकली, तर वेटलिस्ट. नवी पेठेतल्या ओळखीच्या एजंटाला विचारलं. "काका, आत आपला माणूस आहे. २५ हजार द्या, कन्फर्म करून देतो." दिले, तेही रोख. माइल्सच्या खात्याचा पासवर्ड दिला, फोनवर आलेला ओटीपी वाचून दाखवला, वर शेंगाचटणीचं पाकीट! दोन दिवसांत 'अपग्रेड कन्फर्म' असा पीडीएफ आला.

मुंबईच्या चेक-इन काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, तुमची सीट इकॉनॉमीतच आहे." खातं उघडून बघितलं तर माइल्स साफ. कुणा अनोळखी दोघांची तिकिटं माझ्या माइल्सवर निघाली होती.

मग तिनं शांतपणे समजावलं. रिकामी दिसणारी प्रत्येक बिझनेस सीट माइल्सवाल्यांसाठी नसते. कंपनी मोजक्याच सोडते, बाकीच्या कुणी पैसे मोजून घेईल म्हणून शेवटपर्यंत धरून ठेवते. रांगही आधी येईल त्याची नाही. साधारणपणे आधी नेहमीच्या प्रवाशाला कंपनी देते ते कार्ड बघतात, प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर. मग तिकीट कोणत्या भाड्याचं ते, आणि विनंती कधी टाकली हे त्यानंतर. अगदी स्वस्त तिकिटांना तर बऱ्याच कंपन्या अपग्रेड देतच नाहीत. माझं सिल्व्हर कार्ड आणि सवलतीचं तिकीट, म्हणजे नंबर तळाला. बाहेरचा एजंट ही रांग हलवू शकत नाही. अपग्रेड खरंच झालं असतं तर कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकताच केबिन बदललेली दिसली असती. ते बघायला दोन मिनिटं लागली असती. सुताच्या प्रत्येक गठ्ठ्याचं वजन स्वतः करून घेणारा मी, इथं पीडीएफवर विसंबलो.

परत आल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. माइल्सचं कंपनी बघते आहे. रोख रकमेची पावतीच नाही, त्यामुळे तिथं बोलायला जागा नाही. एजंट म्हणतो, "काका, सिस्टीमचा घोळ झाला." काल त्याच्या स्टेटसला होतं: दुबई, कन्फर्म अपग्रेड, लवकर संपर्क करा.