माद्रिद पद्धतीने परदेशात ट्रेडमार्क: नाशिकच्या एका बेदाणा निर्यातदाराचा अनुभव

परदेशात ट्रेडमार्क नोंदवताना माद्रिद पद्धतीने एकच अर्ज करावा की प्रत्येक देशात वेगळा, हा प्रश्न आता नाशिक जिल्ह्यातील लहान निर्यातदारांनाही पडू लागला आहे. आम्ही माद्रिदचा मार्ग निवडला आणि त्यासाठी नाशिकच्याच कॅनडा कॉर्नर परिसरातील एका वकीलबाईंची सेवा घेतली. वकिलांना जाहिरात करण्यास बंदी असल्याने त्यांचे नाव येथे देत नाही. पद्धत उत्तम आहे आणि आमच्यासारख्यांना परवडते, असे माझे मत झाले आहे. मात्र तिचा सगळा डोलारा भारतातल्या अर्जावर उभा राहतो आणि तोच अर्ज आपल्याकडे सर्वांत निष्काळजीपणे भरला जातो.

आमचा बेदाण्याचा व्यवसाय पिंपळगाव बसवंतजवळ आहे. माल आमच्या आजीच्या नावाने विकला जातो आणि काही वर्षांपासून तो लंडन व रॉटरडॅमला जाऊ लागला आहे. दोन हंगामांपूर्वी तिकडच्या एका खरेदीदाराने सहज म्हणावे तसे कळवले, की तुमचे नाव इथे आम्हीच आमच्या नावावर नोंदवून घेतो, तुम्ही चिंता करू नका. त्या माणसाच्या मनात कदाचित काही वावगे नसेलही. पण आजीचे नाव युरोपात दुसऱ्याच्या मालकीचे झाले, तर उद्या त्याच्याशी व्यवहार तुटल्यावर आम्हालाच आमच्या नावाने माल पाठवता येणार नाही, हे त्या रात्री घरात सगळ्यांच्या लक्षात आले.

भारतातील नोंदणी भारताच्या सीमेपर्यंतच चालते, ही साधी गोष्ट अनेक जुन्या निर्यातदारांनाही माहीत नसते. निर्यातीसाठी सरकारकडून घ्यावा लागणारा आयईसी क्रमांक मिळाला म्हणजे नावही सुरक्षित झाले असा त्यांचा समज असतो. ऑस्ट्रेलियात नाव आधीच दुसऱ्याच्या नावे नोंदलेले असल्याने ‘बर्गर किंग’ला तिथे ‘हंग्री जॅक्स’ या नावाने दुकाने उघडावी लागली. ‘प्रियस’ या नावावरून टोयोटा आणि भारतातील सुट्या भागांची एक कंपनी यांच्यात झालेल्या वादात २०१७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने टोयोटाच्या विरुद्ध निकाल दिला, कारण त्या नावाचा लौकिक त्या काळी भारतातील ग्राहकांपर्यंत पोहोचल्याचे सिद्ध झाले नाही. एवढ्या मोठ्या कंपन्यांची ही गत, तर बेदाण्याच्या खोक्यावरच्या नावाची परदेशात कोण दखल घेणार?

माद्रिद पद्धत जिनिव्हाची जागतिक बौद्धिक संपदा संघटना, म्हणजे वायपो, चालवते. तिचा प्रोटोकॉल, म्हणजे करार, भारताला ८ जुलै २०१३ पासून लागू झाला. एमएम २ नावाचा एक अर्ज भारतीय ट्रेडमार्क कार्यालयाच्या पोर्टलवरून इंग्रजीत भरायचा, त्यात हवे ते देश निवडायचे. १३० हून अधिक देश या पद्धतीखाली येतात. भारतीय कार्यालय अर्ज मूळ भारतीय अर्जाशी ताडून पाहते, प्रमाणित करते आणि जिनिव्हाला पाठवते. तो तिथे दोन महिन्यांत पोहोचला, तर भारतीय कार्यालयात दाखल झाल्याची तारीखच आंतरराष्ट्रीय नोंदणीची तारीख धरली जाते. नाशिकहून मुंबईतील अँटॉप हिलच्या ट्रेडमार्क कार्यालयात एकही खेप घालावी लागली नाही. सगळे काम संगणकावर आणि डिजिटल स्वाक्षरीने झाले.

अडचण आली ती ‘ताडून पाहण्याच्या’ टप्प्यावर. आमचा जुना भारतीय ट्रेडमार्क काही वर्षांपूर्वी एका एजंटाने काढून दिला होता. बेदाणा म्हणजे शेवटी द्राक्षच, असे समजून त्याने तो ताज्या द्राक्षांबरोबर ३१ व्या वर्गात टाकला. ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांची विभागणी करणाऱ्या नीस वर्गीकरणात एकूण ४५ वर्ग आहेत. त्यात ताजी फळे ३१ मध्ये, सुकवलेली आणि टिकवलेली फळे २९ मध्ये, तर वाइन ३३ मध्ये येते. घड शेडमधल्या जाळीवर सुकला, की कायद्याच्या लेखी त्याचा वर्गच बदलतो. आंतरराष्ट्रीय अर्जातील मालाची यादी मूळ अर्जातील यादीपेक्षा मोठी असू शकत नाही. म्हणजे ज्या मालासाठी नाव वाचवायचे, तोच माल आमच्या कागदावर नव्हता. इतकी वर्षे दर हंगामात खोक्यावर छापत आलेले नाव भारतातसुद्धा बेदाण्यासाठी नोंदलेले नाही, हे समजले तेव्हा वडील बराच वेळ काही बोललेच नाहीत.

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत ही चूक पकडली. त्यांनी आम्हाला कागदपत्रांबरोबर मालाचा एक खोकाही आणायला सांगितले होते. १० किलोचा तो खोका त्यांनी टेबलावर आडवा ठेवला, शेजारी जुना अर्ज ठेवला आणि पेन्सिलीच्या टोकाने दोन्हींवरची अक्षरे एकेक करून जुळवायला सुरुवात केली. अर्जात नाव फक्त देवनागरीत होते. खोक्यावर ते रोमन लिपीत होते, तेही एका बाजूला ‘आय’ने आणि दुसऱ्या बाजूला दोन ‘ई’ वापरून. अर्ज वडिलांच्या वैयक्तिक नावाने होता आणि निर्यात भागीदारी संस्थेच्या नावाने. त्या शांतपणे म्हणाल्या, “दादा, खोक्यावर एक नाव, अर्जात दुसरं आणि बिलावर तिसराच मालक. यातलं नोंदवायचं कुठलं, ते आधी घरी बसून ठरवा.”

माद्रिद अर्जातील चिन्ह मूळ भारतीय चिन्हासारखे हुबेहूब असावे लागते. त्यात एक अक्षर घालता येत नाही की काढता येत नाही. देवनागरी चिन्हाच्या आधारावर रोमन चिन्ह मागता येत नाही. त्यामुळे भागीदारीच्या नावाने, रोमन लिपीत, २९ व्या वर्गात नवा भारतीय अर्ज करायचा आणि तोच माद्रिदचा पाया धरायचा, असे ठरले. देवनागरी नावासाठी वेगळा अर्ज केला, पण तो भारतापुरता. लेबलावर ‘नाशिक’ हा शब्द ठेवला, मात्र चिन्हाचा भाग म्हणून मागितला नाही. गावाच्या नावावर कोणा एकाची मालकी नसते, हे बाईंचे म्हणणे मला मनापासून पटले. रंगाचा आग्रह धरू नका, असेही त्यांनी सांगितले, आणि त्यामागचे कारण निव्वळ पैशाचे नव्हते: चिन्ह काळ्या-पांढऱ्यात नोंदवले म्हणजे पुढे लेबलाचा हिरवा रंग बदलावासा वाटला तरी हात बांधलेले राहत नाहीत.

आता खर्चाविषयी. लहान उद्योग म्हणून नोंदणीचे उद्यम प्रमाणपत्र असल्याने भारतीय अर्जाची ऑनलाइन फी प्रत्येक वर्गाला ९,००० ऐवजी ४,५०० रुपये पडली. आंतरराष्ट्रीय अर्ज पुढे पाठवण्यासाठी भारतीय कार्यालय ५,००० रुपये घेते. वायपोची मूळ फी काळ्या-पांढऱ्या चिन्हाला ६५३ स्विस फ्रँक आणि रंगीत चिन्हाला ९०३ स्विस फ्रँक आहे. त्यावर प्रत्येक देशाची फी वेगळी द्यावी लागते; काही देशांसाठी ती १०० फ्रँक असते, तर युरोपीय संघ आणि ब्रिटन स्वतःच ठरवलेली, बरीच जास्त फी घेतात. अतिअविकसित देशांतील अर्जदारांना मूळ फीच्या दहा टक्केच भरावे लागतात, पण भारत त्या यादीत येत नाही. वायपोच्या संकेतस्थळावर फी मोजण्याची सोय आहे. वर्ग आणि देश निवडले की नेमका आकडा समोर येतो. कोणताही एजंट ‘सगळे मिळून’ एकच रक्कम सांगत असेल, तर तो आकडा आधी स्वतः काढून पाहावा, म्हणजे सरकारी फी किती आणि त्याचे मानधन किती हे स्पष्ट होते. आमच्या वकीलबाईंनी या दोन रकमा पहिल्या दिवसापासून वेगवेगळ्या कागदांवर लिहून दिल्या. त्यांच्या सेवेतील मला सर्वांत भावलेली गोष्ट हीच.

नव्या भारतीय अर्जाच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत परदेशी अर्ज केला, तर भारतीय अर्जाचीच तारीख परदेशातही धरली जाते. आम्ही चौथ्या महिन्यात माद्रिद अर्ज केला, त्यामुळे त्या खरेदीदाराने मधल्या काळात काही हालचाल केली असती, तरी आमची तारीख आधीची ठरली असती. पण याच घाईत एक धोकाही आहे आणि तो मी मुद्दाम विस्ताराने लिहितो, कारण तो कोणी आपणहून सांगत नाही. आंतरराष्ट्रीय नोंदणी पहिली पाच वर्षे मूळ भारतीय अर्जावर अवलंबून असते. या काळात भारतात कोणी हरकत घेतली आणि अर्ज फेटाळला गेला, तर लंडन आणि युरोपातील हक्कही त्याच्याबरोबर कोसळतो. तसे झालेच, तर तीन महिन्यांच्या आत त्या-त्या देशात स्वतंत्र अर्ज करून जुनी तारीख टिकवता येते, पण त्याची फी नव्याने भरावी लागते. ज्यांना तशी घाई नाही, त्यांनी भारतातील नोंदणी पक्की होऊ द्यावी आणि मगच माद्रिदकडे वळावे, असे माझे मत आहे. आमच्यासमोर तो खरेदीदार होता, म्हणून आम्ही थांबलो नाही.

जिनिव्हाकडून नोंदणीचे प्रमाणपत्र आले तेव्हा घरात पेढे वाटले गेले, पण ते थोडे लवकरच झाले. त्या प्रमाणपत्राचा अर्थ वायपोने अर्ज नोंदवून घेतला आणि प्रत्येक देशाला कळवला, एवढाच असतो. संरक्षण द्यायचे की नाही हे तो-तो देश आपल्या कायद्याप्रमाणे ठरवतो आणि त्यासाठी त्याला १२ किंवा १८ महिने मिळतात. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांनी १८ महिन्यांची मुदत घेतली आहे. ठरलेल्या मुदतीत नकार कळवला नाही, तर संरक्षण मिळाले असे समजतात. आमच्या निवडीतील एका देशाच्या कार्यालयाने मालाच्या वर्णनातील ‘आणि तत्सम पदार्थ’ या शब्दांवर बोट ठेवून तात्पुरता नकार पाठवला. उत्तर देण्यासाठी तिथलाच प्रतिनिधी नेमावा लागला आणि त्याच्या मानधनाने आमच्या अंदाजपत्रकाला मोठे भगदाड पाडले. तीन शब्द अर्जातून आधीच गाळले असते, तर हा खर्च टळला असता. ही चूक वकीलबाईंच्या कार्यालयाकडून झाली होती. त्यांनी ती मान्य केली आणि त्या कामाचे आपले मानधन घेतले नाही. या परीक्षणात त्यांच्याविरुद्ध लिहावे असे एवढेच आहे.

आंतरराष्ट्रीय नोंद प्रसिद्ध झाल्यावर थोड्याच आठवड्यांत नाशिकच्या पत्त्यावर एक पाकीट आले. आत आमचे चिन्ह, आमचा नोंदणी क्रमांक, खाली शिक्क्यासारखी दिसणारी आकृती आणि ‘प्रकाशन शुल्क’ म्हणून मोठी रक्कम परदेशी खात्यात भरण्याची सूचना होती. नोंदवही सार्वजनिक असल्याने पत्ते कोणालाही मिळतात, त्यामुळे अशी पत्रे जगभरातील अर्जदारांना जातात. वायपोने आपल्या संकेतस्थळावर त्यांचे नमुने लावून इशारा दिलेला आहे. माझा भाऊ बँकेत जायला निघालाच होता. वकीलबाईंना एक फोन केला म्हणून पैसे वाचले.

उरलेली व्यवस्था मला खरोखर आवडली. अर्ज कुठपर्यंत पोहोचला हे वायपोच्या ‘माद्रिद मॉनिटर’ या संकेतस्थळावर विनामूल्य दिसते, आणि ‘ग्लोबल ब्रँड डेटाबेस’मध्ये आपल्यासारखे नाव आधी कोणाचे आहे का, हे अर्जापूर्वीच शोधता येते. दहा वर्षांनी नूतनीकरण एकाच ठिकाणी होते. नवा देश जोडायचा असेल तर पुन्हा सुरुवात करावी लागत नाही. ३०० स्विस फ्रँक आणि त्या देशाची फी भरून जुन्याच नोंदणीत तो जोडता येतो. पुढच्या हंगामात व्हिएतनामला माल पाठवायचे ठरले आहे आणि त्याचा अर्ज आम्ही याच मार्गाने, पहिला कंटेनर न्हावाशेवा बंदराकडे निघण्यापूर्वी करणार आहोत. बांगलादेशासाठी मात्र ही सोय उपयोगी पडली नाही. नाशिकची द्राक्षे आणि बेदाणे तिकडे जातात, पण आम्ही चौकशी केली तेव्हा तो देश माद्रिदमध्ये नव्हता, त्यामुळे ढाक्यात तिथल्या वकिलामार्फत स्वतंत्र अर्ज करावा लागेल. त्या अर्जाच्या मालाच्या यादीचा मसुदा या आठवड्यात तयार झाला असून, त्यात फक्त ‘बेदाणे’ एवढाच शब्द ठेवला आहे.