समुद्री बर्फाचा नकाशा : कोणत्या उपग्रहाचा डेटा घ्यावा?

अंटार्क्टिकातल्या भारती या भारताच्या संशोधन तळासमोरचा प्रिड्झ उपसागर घेऊ. तीन प्रकारचा डेटा हाताशी आहे, तिन्ही फुकट. निवड ठरते ती नकाशा कशासाठी हवा यावरून.

नवखा माणूस आधी मोडिसच्या, म्हणजे नासाच्या उपग्रहांवरच्या कॅमेऱ्यासारख्या उपकरणाच्या, चित्रांकडे वळतो. २५० मीटरचा पिक्सेल, बर्फ डोळ्यांनीच ओळखू येतो. पण ध्रुवांवर ढग सतत, आणि ऐन हिवाळ्यात उजेडच नाही. मुख्य नकाशा यावर करू नका.

बदल वर्षानुवर्षांचा बघायचा असेल तर पॅसिव्ह मायक्रोवेव्हला पर्याय नाही. पाण्यातून आणि बर्फातून आपसूक निघणारं मायक्रोवेव्ह उत्सर्जन उपग्रहावरचं उपकरण मोजतं. ढग, अंधार आड येत नाहीत. १९७८च्या अखेरीपासूनची मालिका मिळते. मात्र तिची जाळी २५ किलोमीटरची. एका चौकटीत ६२५ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून मावतील! एएमएसआर-२ या जपानी उपग्रहावरच्या अशाच उपकरणावरून जर्मनीतलं ब्रेमेन विद्यापीठ ६.२५ किलोमीटरचे नकाशे रोज काढतं, ते बरे. तरी किनाऱ्यालगत जमिनीचं उत्सर्जन मिसळून खोटा बर्फ उमटतो, आणि भारती तर किनाऱ्यावरच. आणखी एक : १५ टक्के बर्फ असलेली चौकटही ‘विस्तारा’त पूर्ण धरतात; ‘क्षेत्रफळा’त फक्त तिच्यातला बर्फाचा वाटा. विस्तार आणि क्षेत्रफळ यांचे आकडे एका तक्त्यात घालू नका.

जहाजाची वाट शोधायची तर रडार, म्हणजे युरोपचे सेंटिनेल-१ उपग्रह. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातर्फे निघणाऱ्या मोहिमेच्या जहाजाला भेगा आणि किनाऱ्याला चिकटलेल्या बर्फाची कड दिसायला हवी. ४०० किलोमीटर रुंद पट्टा, ४० मीटरचा पिक्सेल; एवढा तपशील इथेच मिळतो. पण हे चित्र वाचायला शिकावं लागतं. वारा सुटला की खवळलेलं पाणी एचएचमध्ये (लहर आडवी पाठवून आडवीच टिपलेल्या चित्रात) बर्फासारखं उजळ दिसतं. एचव्हीमध्ये (आडवी पाठवून उभी टिपलेल्या चित्रात) तेच बरंचसं काळं राहतं, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून बघा. नवा, गुळगुळीत पातळ बर्फ उलट शांत पाण्यासारखा काळा दिसतो, तिथे जाणकारही अडखळतात. एचव्हीवर उभे पट्टे आले तर स्नॅप या चित्रं प्रक्रिया करायच्या सॉफ्टवेअरमध्ये थर्मल नॉइज (उपकरणाचा स्वतःचा गोंगाट) काढायचं राहिलंय असं समजा. आणि सेंटिनेल-१बी डिसेंबर २०२१मध्ये बंद पडला, १सी डिसेंबर २०२४मध्ये अवकाशात गेला; मधल्या काळातली चित्रं विरळ आहेत.

शोधनिबंधासाठी दहा-वीस वर्षांचा कल हवा असेल तर मी डोळे मिटून मायक्रोवेव्ह घेईन. एका हंगामाचा बारीक नकाशा हवा असेल तर रडार, आणि निरभ्र दिवसाचं मोडिस फक्त पडताळणीला. मात्र ते त्याच दिवसाचं, शक्यतो त्याच वेळेचं घ्या. वाऱ्यावर बर्फ काही तासांत जागा सोडतो.