शाको: शंभर घरांच्या पटावर आठ महिने

आठ महिन्यांपूर्वी जाड पुठ्ठ्यावर शंभर घरं आखत होते, तेव्हा बाबा म्हणाले होते, "चौसष्ट घरं कमी पडली का गं तुला?" आता रविवारी जेवणं आटोपली की पट तेच मांडतात.

शाको हा बुद्धिबळाचा प्रकार झाँ-लुई काझो या फ्रेंच अभ्यासकाने १९९० मध्ये तयार केला. पट दहा बाय दहा, प्रत्येकी २२ मोहरे. आपलं नेहमीचं सैन्य पूर्ण आहेच, शिवाय दोन प्यादी, दोन हत्ती आणि चिनी बुद्धिबळातल्या, म्हणजे शियांगछीतल्या, दोन तोफा जास्त. तयार संच मला कुठे मिळाला नाही. सारख्या आकाराचे दोन संच घेतले. दुसऱ्यातले हत्ती उलटे ठेवले की तोफा झाल्या, उंटांना लाल दोरा बांधला की नवे हत्ती.

इथे पहिली पंचाईत. "हत्ती मारला" म्हटलं तर कुठला? शेवटी बाबांनी नेहमीच्या पटावर कोपऱ्यात असतो त्या जुन्या हत्तीला 'रथ' म्हणायचं ठरवलं, आणि ते बरोबरच आहे. मुळात त्या जागी रथच होता. नवा हत्ती तिरका एक घर जातो किंवा दोन घरं उडी मारतो. जुन्या शतरंजात, म्हणजे बुद्धिबळाच्या आधीच्या रूपात, वजीर एकच घर तिरका जायचा आणि हत्ती तिरकी दोन घरांची उडी घ्यायचा. काझोंनी त्या दोन चाली एकाच मोहऱ्यात आणल्यात. म्हणजे आज जिथे आपला उंट उभा असतो, तिथला मूळ मालकच परत आलाय! मला याचा फार आनंद झाला.

पण खरा खेळ तोफेचा. ती रथासारखी सरळ चालते, मात्र मारताना मध्ये नेमका एक मोहरा लागतो, मग तो कुणाचाही असो. तिसऱ्या-चौथ्या डावात बाबांची तोफ माझ्या राजासमोर होती, मध्ये काहीच नाही, म्हणून मी निर्धास्त. त्यांनी मध्ये घोडा आणून ठेवला आणि शह दिला. घोडा मारायला गेले, तर मारणारा माझा उंट त्याच घरात बसणार, म्हणजे शह तसाच! शेवटी मध्ये आणखी एक प्यादं सरकवलं, दोन मोहरे झाले, तेव्हा राजा सुटला. पंचवीस वर्षं बुद्धिबळ खेळून मोकळ्या ओळीची भीती अंगात मुरलेली. इथे गर्दीची भीती शिकावी लागली.

मोहरे कमी होत गेले की तोफ दुबळी होते. उडी मारायला कुणी उरत नाही, मग स्वतःचा राजाच पुढे उभा करावा लागतो. म्हणून मी हल्ली पट भरलेला असतानाच तोफ देऊन घोडा किंवा उंट घेते. बाबांना हे अजून पटत नाही.

डाव लांबतो, दोन-अडीच तास सहज. माझा भाचा दोन डावांनंतर फिरकला नाही. एकट्याने सराव करायचा तर फेअरी-स्टॉकफिश या मोफत इंजिनात, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रॅममध्ये, शाको आहे. मी त्याच्याकडून रोज हरते आणि रोज काहीतरी उचलते.

पुठ्ठ्याचे कोपरे आता फुगलेत. मे महिन्यात सुताराकडून सागाचा पट करून घ्यायचाय. घर दोन इंचांचं हवं, असं बाबांनी बजावलंय. दीड इंचात मोहरे एकमेकांना खेटतात.