दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंग: १४ महिन्यांच्या वापरानंतर (मुख्य तक्रार वेळेची)

आज मीटिंग नाही, आणि सात वाजून दहा मिनिटं झालीत. म्हणून हे आजच लिहायला घेतलं.

या मीटिंग अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या समूहांच्या. बारा पायऱ्या (व्यसनातून बाहेर पडायचा तिथला ठरलेला क्रम), स्पॉन्सर (नव्याला सांभाळणारा जुना सभासद), शेअरिंग (आपली गोष्ट सगळ्यांसमोर सांगणं), ‘फक्त आजचा दिवस’ (आजच्यापुरतं प्यायचं नाही) यापलीकडे समजावत बसत नाही. जास्त हवं असेल तर एखाद्या मीटिंगला जाऊन मागच्या खुर्चीत बसा, कोणी पैसे मागत नाही. मला सांगायचंय ते एवढंच, की दारू बंद राहायला मीटिंगला जावंच लागतं का. नवव्या महिन्यात मी याचं उत्तर ‘अजिबात नाही’ असं लिहून ठेवलं होतं. ते पुढे जसंच्या तसं देतोय, कारण त्यातलं अर्धं मला अजूनही पटतं.

त्याआधी एक. ज्याचे सकाळी हात कापतात त्याने मीटिंगच्या भरवशावर एका झटक्यात दारू थांबवू नये. शेवटच्या पेगनंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि त्यापुढच्या दोन दिवसांत भास, ताप, भ्रमिष्टपणा. त्यात माणूस जाऊ शकतो. मी सहा दिवस दवाखान्यात होतो, शिरेतून बी-१ जीवनसत्त्व आणि रोज थोड्या कमी होत जाणाऱ्या गोळ्या. ते काम डॉक्टरचं. मीटिंगचा वापर सातव्या दिवसापासून धरा.

तर वेळ.

माझी दारू घड्याळावर चालायची. सात वाजता फोन यायचा, ‘बसायचं का?’ आणि साडेआठपर्यंत तिघाचौघांत बसून व्हायचं. उरलेली बाटली नंतर घरी, एकट्याने. पण सातचा पहिला पेग झाला नाही तर रात्रीची बाटलीही उघडत नाही, हे मला दवाखान्यात पडल्यापडल्या कळलं होतं. आमच्या समूहाची मीटिंग तेव्हा सात ते साडेआठ होती. मला दुसरं काही नको होतं. लोक काय बोलतात, कोणाची बायको परत आली, कोणाची नोकरी गेली, यातलं पहिले दोन महिने माझ्या डोक्यात काहीही शिरलं नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचो. आठ वाजले की सुटलो असं वाटायचं. नऊच्या आत घरी, नऊला जेवण. पोट भरलं की तलफ अर्ध्यावर येते. मीटिंगमध्ये भूक, राग, एकटेपणा, थकवा अशी चार नावं घेतात, त्यातली भूक माझ्यासाठी सगळ्यात खरी निघाली.

उच्च शक्ती (आपल्याहून मोठं, देवासारखं काहीतरी, ज्यावर या पायऱ्यांत विसंबायचं असतं) वगैरेशी माझं कधी भांडण झालं नाही. प्रार्थनेच्या वेळी मी उभा राहतो आणि गप्प राहतो. त्यावर कोणी कधी बोललं नाही, त्यामुळे तो विषय इथेच संपला.

पाच महिने, आठवड्याला चार मीटिंग, म्हणजे सुमारे १३० तास. मी हिशेबी माणूस आहे, असले आकडे वहीत असतात. दारूत याहून कितीतरी जास्त तास गेले होते, त्यामुळे सौदा फायद्याचा होता.

पाचव्या महिन्यात समूहाने वेळ बदलली. पावणेसहा ते सव्वासात. कारण काय, तर हॉलची किल्ली ज्याच्याकडे त्याला लवकर घरी जायचं असतं, आणि बहुतेक सभासद वयस्कर, त्यांना रात्र नको. म्हणजे बघा: मीटिंग सुटणार सव्वासातला. पोट रिकामं. चालत घर पंचवीस मिनिटांवर. रस्त्यात दोन बार, आणि जुने मित्र नेमके त्याच वेळी येऊन टेकलेले. दारू सोडणाऱ्या माणसाला दारूच्या वेळेला रस्त्यावर सोडायचं, हे ज्याने ठरवलं त्याने कधी दारू प्यायली होती का, असा प्रश्न मला पडला. प्यायली होती. सगळ्यांनीच.

तक्रार कुठे करायची? इथे विक्रीपश्चात सेवा हा प्रकारच नाही. संघटनेच्या परंपराच तशा आहेत: प्रत्येक समूह स्वायत्त, पुढारी म्हणजे फक्त विश्वासू सेवक, ते हुकूम सोडत नाहीत. बाहेरच्या देणग्या घ्यायच्या नाहीत, फिरणाऱ्या डब्यात सभासद टाकतील त्यावर भागवायचं. एरवी मला हे सगळं फार आवडतं. पण वेळेवरून वरच्या कार्यालयाला पत्र लिहावं म्हटलं, तर वरचं कार्यालय म्हणणार, तुमचं तुम्ही ठरवा. शेवटी समूहाच्या कामकाजाच्या बैठकीत मुद्दा मांडला. पंधरा मिनिटं बोललो, घरून मुद्दे लिहून नेले होते. काका (आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो, बावीस वर्षं सोबर) शांतपणे म्हणाले, “अरे, तुला सातची सवय होती. मला पहाटे पाचची होती. मग पाचला हॉल उघडायचा का?” सगळे हसले. मतदान झालं. नऊ विरुद्ध चार.

हरल्यावर मी दोन महिने रडतरखडत गेलो आणि मग बंद केलं. मीटिंग सोडून आठ आठवडे झाले तेव्हा वहीत लिहिलेलं हे:

‘न जाता काहीही बिघडलं नाही. सात ते साडेआठ चालायला जातो, आल्याआल्या जेवतो. तासांची बचत, दुसऱ्यांची रडगाणी नाहीत. मीटिंग ही सुरुवातीच्या काळापुरती कुबडी आहे, पाय बरा झाला की ठेवून द्यावी. अमेरिकेत २००१-०२ मध्ये झालेल्या मोठ्या सर्वेक्षणात ज्यांना आयुष्यात कधीतरी दारूचं व्यसन जडलं होतं, त्यांतल्या जेमतेम पाव लोकांनी कसलातरी उपचार घेतला होता, आणि तरीही त्यातले बरेच जण सुटले. कॉक्रेनच्या (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) २००६ च्या आढाव्यात तर बारा पायऱ्यांचा उपयोग होतो याचा निर्विवाद पुरावा सापडला नाही असं स्पष्ट लिहिलंय. निकाल: गरज नाही.’

हे लिहून तीन आठवडे झाले आणि मी प्यायलो.

भांडण नव्हतं, टेन्शन नव्हतं. गुरुवार होता. दीड वर्ष अडकलेली थकबाकी खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला, काम पाचला संपलं, आणि फोन आला, ‘बसायचं का? आज तर तुझ्याकडून.’ माझ्याकडून म्हटल्यावर मी खरं तर पळून जायला हवं होतं, पण गेलो. तीन पेग झाले. तिसऱ्याला चवही लागली नाही. घरी आलो तेव्हा नऊ वाजले होते. बायकोने दार उघडलं, एकदा तोंडाकडे बघितलं आणि आत जाऊन माझं ताट झाकून ठेवलं. एक शब्द बोलली नाही. मी ते ताट सकाळी उघडलं.

आता इथे माझं मत बदललं. मात्र मीटिंग सोडली म्हणून प्यायलो, असं मी म्हणत नाही. मीटिंगला जाणारेही घसरतात, दर महिन्याला एक तरी परत येतो. माझ्या लक्षात आलं ते वेगळंच. माझ्या फोनमध्ये समूहातल्या अकरा जणांचे नंबर होते. सात महिन्यांत मी त्यातला एकही लावला नव्हता. पहिल्याच दिवशी कागदावर लिहून देतात, पेल्याला हात लावायच्या आधी फोन कर, नंतर नको. मी तो कागद पाकिटात ठेवला आणि पाकिटासकट त्या टेबलावर जाऊन बसलो. म्हणजे सात महिने मी मीटिंगचा उपयोग फक्त घड्याळ म्हणून केला, आणि घड्याळाची वेळ चुकली म्हणून सगळी वस्तूच नापास केली.

गंमत अशी की मूळ गोष्ट मला पाठ होती. मे १९३५, अमेरिकेतल्या ॲक्रन शहरातलं हॉटेल. नुकतीच दारू सोडलेल्या बिल विल्सनचा व्यवहार फसलेला, लॉबीच्या एका टोकाला बार, आतून हसण्याबोलण्याचे आवाज. तेव्हा मीटिंग नव्हत्याच, जाणार कुठे? त्याने फोन उचलला आणि शहरातल्या धर्मगुरूंच्या यादीवरून नंबर लावत दुसऱ्या एखाद्या दारुड्याचा पत्ता शोधला. असा त्याला डॉ. बॉब स्मिथ सापडला, आणि त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभं राहिलं. हॉल, खुर्च्या, वेळापत्रक, मतदान हे सगळं नंतरचं. ही गोष्ट मी मीटिंगमध्ये दोनदा मोठ्याने वाचून दाखवलीय.

नंतर पुरावेही पुन्हा वाचले, या वेळी माझ्या बाजूचेच नाही. कॉक्रेनच्या आढाव्यानेही मधे मत बदललं होतं, ते मी आधी सोयीस्करपणे सोडलं होतं. २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं आहेत. बारा पायऱ्यांशी नीट जोडून देणारे कार्यक्रम घेतलेल्यांत वर्षानंतर पूर्ण कोरडे ४२ टक्के, इतर उपचार घेतलेल्यांत ३५. शंभरात सात जणांचा फरक. आणि दोन्हीकडे निम्म्याहून जास्त लोक पूर्ण कोरडे राहिले नाहीत, हेही त्यातच आहे. मला त्याहून जास्त लागला तो १९९७ चा ‘प्रोजेक्ट मॅच’. १,७२६ रुग्ण, तीन प्रकारचे उपचार, आणि कोणाला कोणता जास्त मानवतो ते बघायचं. बहुतेक अंदाज फसले, तिन्ही जवळपास सारखेच निघाले. पण तीन वर्षांनी बघितलं तर ज्यांच्या भोवतीची माणसंच पिणारी होती, त्यांना बारा पायऱ्यांचा मार्ग जास्त उपयोगी पडला होता. माझ्या आठ वर्षांच्या सगळ्या संध्याकाळी त्या एका टेबलावर गेल्यात. पिणारा नाही असा एक मित्र मला आठवेना.

म्हणून गरजेबद्दल विचाराल तर: ज्याच्या घरात, कामात, मित्रांत कोणी पीत नाही आणि जो संध्याकाळी कुठेतरी गुंतलेला असतो, त्याला मीटिंगवाचून चालू शकेल. चालणारे आहेत. मला चालत नाही. मी ११ आठवडे काढले ते चालण्याच्या जोरावर, आणि एका चांगल्या बातमीने ते संपले.

परत गेलो तेव्हा अपेक्षेप्रमाणे दिवसांचा हिशेब शून्यावर आला. यावर मी अजून चिडलेलो आहे. २९० दिवस आणि एक गुरुवार, याची बेरीज शून्य कशी? डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले यकृताने ते २९० दिवस जमेलाच धरलेत. आज समूहाच्या मोजणीने माझे १३६ दिवस आहेत. माझ्या वहीत ४२७ पैकी ४२६. टाळ्या १३६ ला वाजतात, मी मनात दुसरा आकडा म्हणतो.

डॉक्टरांनी त्याच वेळी नॅल्ट्रेक्सोन सुरू केलं. प्यायल्यावर मेंदूत जी मजा येते ती त्याने बोथट होते, तलफही जरा उतरते. (अफूच्या वर्गातल्या वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना सांगावं, दोन्ही एकत्र चालत नाहीत.) समूहात एक-दोघे कुजबुजले, गोळीवर सोबर म्हणजे काय सोबर. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्याच पुस्तिकेत सभासदाने डॉक्टर बनू नये असं छापलंय, ते मी त्यांना उघडून दाखवलं. त्यानंतर कुजबुज थांबली, निदान माझ्यासमोर. मधे सहा सत्रं स्मार्ट रिकव्हरीचीही ऑनलाइन केली. १९९४ पासूनचं आहे, उच्च शक्ती नाही, तलफ कागदावर मांडून सोडवायची. पद्धत मला पटली, पण सत्र संपलं की पडदा काळा, आणि मी पुन्हा माझ्याच खोलीत.

सध्याची व्यवस्था अशी. सोमवार आणि गुरुवार जुनाच समूह, पावणेसहाचा. सव्वासातला बाहेर पडलो की काकांना फोन लावतो आणि घरी पोहोचेपर्यंत बोलत चालतो. काका मीटिंगमधून आधीच रिक्षाने घरी गेलेले असतात, आणि पंचवीस मिनिटं आपला गुडघा, पंपाची मोटर, सुनेचं ऑफिस यावर बोलतात. दारूचा विषय महिन्यातून एकदा निघत असेल. पहिला बार गुडघ्यात जातो, दुसरा मोटरमध्ये. एकदा बारच्या दारात जुना मित्र उभा होता, त्याने हात केला. मी फोनकडे बोट दाखवलं आणि पुढे गेलो. कानात काका सांगत होते की मोटरचं वायंडिंग जळलं नव्हतं, कपॅसिटर गेला होता.

मंगळवारी लांबचा एक समूह आहे, सात ते साडेआठ, बस बदलून जावं लागतं. जाण्यायेण्यात मीटिंगइतकाच वेळ जातो, पण घड्याळ बरोबर आहे. बुधवार, शुक्रवार, शनिवार माझे मी बघतो. वेळ बदलण्याचा प्रस्ताव मी गेल्या महिन्यात पुन्हा मांडला. आठ विरुद्ध पाच. एक मत फुटलंय, आणि ते काकांचं नाही. पुढच्या तिमाहीत पुन्हा मांडणार आहे.

आठ चाळीस झाले. इतका वेळ काय टाइप करतोयस, असं आतून विचारलं जातंय. ताटं घ्यायला जातो.