"नवऱ्याची सही आम्ही बघून घेतो" : दोन वर्षांचं ग्रीन कार्ड, घटस्फोट आणि त्यात होणारी फसवणूक

"नवऱ्याची सही आम्ही बघून घेतो. तुम्ही कार्डाची झेरॉक्स पाठवा आणि निम्मे पैसे आधी द्या." अमेरिकेतल्या देशी वस्तीत टॅक्स, पासपोर्ट, विमानाचं तिकीट असं सगळं एकाच टेबलावर करून देणारे 'कन्सल्टंट' असतात. त्यांच्यातला एखादा हे इतक्या सहज बोलून जातो की समोरच्या बाईला हायसं वाटतं. घर सुटलेलं, नवरा फोन उचलत नाही, कार्डाची मुदत तोंडावर आलेली. अशा वेळी पैसे निघतात. खरी गोम अशी की ज्या सहीसाठी ती पैसे मोजते, ती सही तिला लागणारच नसते.

लग्नाच्या आधारावर, आणि लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत, ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना मिळाला तर तो सशर्त असतो, दोनच वर्षांचा. कार्डावर सीआर१ किंवा सीआर६ असा शेरा असतो. खोटी लग्नं रोखण्यासाठी १९८६ साली ही अट कायद्यात आली. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून आय-७५१ हा अर्ज करायचा, मंजूर झाला की अट निघते आणि दहा वर्षांचं कार्ड मिळतं. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. लग्न मोडलं तर हाच अर्ज एकट्यानेही करता येतो, हे मात्र पुष्कळांच्या कानावर आलेलं नसतं.

अर्जाचा तिसरा भाग उघडून बघा. तिथे चौकटी आहेत. दोघं मिळून अर्ज करत आहोत, ही पहिली. त्याखाली जोडीदाराच्या सहीतून सूट मागण्याच्या, म्हणजे वेव्हरच्या: जोडीदार वारला; लग्न खऱ्या मनाने केलं होतं पण घटस्फोटाने संपलं; जोडीदाराने मारहाण केली किंवा टोकाची क्रूर वागणूक दिली; देशाबाहेर काढलं तर असाधारण हाल होतील. एकाहून जास्त कारणं लागू असतील तर तीही मांडता येतात. क्रूरतेच्या कारणाला घटस्फोट झालेला असावा लागत नाही. आणि वेव्हरला ९० दिवसांचा नियम नाही, तो त्याच्या कितीतरी आधी करता येतो. मुदत उलटल्यावरही करता येतो, पण तोवर दर्जा आपोआप संपलेला असतो आणि इमिग्रेशन कोर्टाची नोटीस निघू शकते. बायको सिटिझन आणि नवरा सशर्त कार्डावर असेल तरी नियम हेच. असे नवरेही फसतात, फक्त ते बोलत नाहीत.

आता कन्सल्टंट काय करतो ते पाहा. तो पहिल्या चौकटीवर खूण करतो आणि नवऱ्याची सही स्वतःच ठोकून देतो. पुढे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने (यूएससीआयएस) दोघांना मुलाखतीला बोलावलं, किंवा नवऱ्याला अर्जाची कुणकुण लागली, की तो म्हणतो ही सही माझी नाही. लग्न शंभर टक्के खरं असूनही अर्ज खोटा ठरतो, आणि अर्जातला मजकूर खरा असल्याची शपथेवरची सही असते बाईची. कन्सल्टंट कागदावर कुठेच नसतो. अर्जाच्या शेवटी, अर्ज दुसऱ्याने भरला असेल तर त्याचं नाव, पत्ता आणि सही यासाठी वेगळा भाग आहे. पैसे घेऊन अर्ज भरणाऱ्याने तो भरलाच पाहिजे. तो कोरा ठेवायला सांगितलं की खुर्ची सोडून निघावं.

इमिग्रेशनचा कायदेशीर सल्ला तिथे दोघांनाच देता येतो: वकिलाला, किंवा मान्यताप्राप्त संस्थेत काम करणाऱ्या, न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीला. वकिलाचं नाव राज्याच्या बार असोसिएशनच्या यादीत फुकट तपासता येतं, प्रतिनिधीचं न्याय खात्याच्या यादीत. तो तुमचं प्रकरण घेतो तेव्हा जी-२८ हा फॉर्म जोडतो. जी-२८ नाही, तर तुमचा वकील नाही. भिंतीवर 'नोटरी' पाटी असली तरी भुलू नये. आपल्याकडे नोटरी बहुधा वकील असतो. तिथला नोटरी सही समोर झाली, एवढंच सांगतो.

पैशांचा हिशोबही बघण्यासारखा असतो. अर्जाची सरकारी फी एप्रिल २०२४ पासून ७५० डॉलर झाली आणि बोटांच्या ठशांचा खर्च त्यातच धरला आहे. फी बदलत राहते, म्हणून पाठवण्याच्या दिवशी सरकारी पानावर पाहावी. कन्सल्टंटच्या बिलात मात्र 'बायोमेट्रिक' वेगळं असतं आणि 'एक्स्टेन्शन'चे आणखी काही शे डॉलर. ते एक्स्टेन्शन फुकट असतं. जानेवारी २०२३ पासून अर्जाच्या पोचपावतीतच जुन्या कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढवून मिळते. मुदत संपलेलं कार्ड आणि ही पावती बरोबर ठेवली की नोकरी आणि प्रवास दोन्ही चालतं. पावतीवर तीन इंग्रजी अक्षरं आणि दहा आकडे असा नंबर असतो. तो खात्याच्या साइटवर टाकून स्वतः बघायचा. पावती 'आमच्याकडे आहे' हे उत्तर म्हणजे बहुतेक वेळा अर्ज गेलेलाच नाही.

दुसरी फसवणूक घरातून होते. "तुझं कार्ड कॅन्सल करतो" ही धमकी. तसं नवऱ्याला करता येत नाही. कार्ड मिळाल्यावर दर्जा त्या व्यक्तीचा असतो, जोडीदाराच्या मर्जीचा नाही. उलट त्याने आय-८६४ या प्रतिज्ञापत्रावर दिलेली आर्थिक हमी घटस्फोटानंतरही चालू राहते. ही जबाबदारी गरिबी रेषेच्या १२५ टक्क्यांइतक्या उत्पन्नाची असते. बायको सिटिझन झाली, तिच्या सोशल सिक्युरिटी खात्यात कामाच्या ४० तिमाह्या (साधारण दहा वर्षं) जमा झाल्या, ती कार्ड सोडून कायमची देश सोडून गेली किंवा दोघांपैकी कुणी वारलं, तरच ती संपते. घटस्फोटाच्या वाटाघाटीत "कार्ड ठेवायचं असेल तर पोटगी सोड" असं म्हणतात, ते याच अज्ञानावर.

त्याला जे खरंच करता येतं ते वेगळं. एकत्र केलेल्या अर्जातून तो निर्णयाआधी अंग काढून घेऊ शकतो. लग्न खोटं होतं असं पत्र खात्याला लिहू शकतो. आणि सगळ्यात सोपं म्हणजे पत्रं दाबू शकतो. घर बाईने सोडलं, पत्ता जुनाच राहिला. खात्याने पुरावे मागितले, पाकीट त्याच्या हाती पडलं, उत्तराची मुदत गेली, अर्ज फेटाळला गेला. तिला कळतं ते कितीतरी महिन्यांनी. घर सोडल्यापासून १० दिवसांत एआर-११ भरून खात्याला नवा पत्ता कळवणं हे कायद्याने बंधनकारक आहे आणि ऑनलाइन, फुकट होतं. नुसता पोस्टात पत्ता बदलून भागत नाही. खात्याच्या ऑनलाइन खात्याचा पासवर्ड त्याला माहीत असेल तर तोही त्याच दिवशी बदलावा.

आय-४०७ हा एका छोट्या फॉर्मचा नंबर पाठ करून ठेवा. तो म्हणजे ग्रीन कार्डाचा राजीनामा. 'घटस्फोटाचे कागद आहेत' म्हणून दिलेल्या गठ्ठ्यात किंवा विमानतळावर दमात घेऊन समोर ठेवलेला हा कागद सही करण्यासारखा नसतो. विमानतळावर सही नाकारता येते आणि प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढे न्या असं सांगता येतं.

पुण्याला, कोल्हापूरला, नागपूरला 'आईकडे महिनाभर जाऊन ये' म्हणून पाठवायचं, पासपोर्ट आणि कार्ड काढून घ्यायचं आणि मागे अमेरिकेत घटस्फोटाचा दावा टाकायचा, हा प्रकार आपल्याकडच्या पोलिसांनाही नवा नाही. अशा वेळी आधी पासपोर्ट व कार्ड गेल्याची पोलिसात नोंद करावी. अमेरिकेबाहेर वर्ष झालेलं नसेल तर अमेरिकी वकिलातीत आय-१३१ए भरून विमानात बसण्यापुरतं कागदपत्र मिळू शकतं. वर्ष उलटलं की एसबी-१ या, परतणाऱ्या कार्डधारकांसाठीच्या व्हिसाचा अवघड रस्ता उरतो. म्हणून मध्यस्थ, मोठी माणसं, बैठका यांत महिने घालवू नयेत. तिकडच्या दाव्याचं समन्स आलं तर वकिलामार्फत उत्तर द्यावंच. परदेशी न्यायालयाने एकतर्फी दिलेला घटस्फोट भारतात आपोआप मानला जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली नरसिंह राव खटल्यात स्पष्ट केलं. पण अमेरिकेच्या खात्यापुढे तो निकाल वेगळा पडतो. तिथे त्याच कागदाचा वेव्हरसाठी तिलाच उपयोग होऊ शकतो.

तिसरे ठग 'झटपट घटस्फोट' विकतात, कारण वेव्हरची खरी अडचण दोन तारखांची असते: कार्ड कधी संपतं आणि घटस्फोटाचा अंतिम निकाल कधी हातात येतो. घटस्फोटाच्या वेव्हरला अंतिम निकाल लागतो, नुसतं वेगळं राहणं किंवा दावा दाखल असणं पुरत नाही. कॅलिफोर्नियात समोरच्याला कागद पोहोचल्यापासून किमान सहा महिने जातात, टेक्सासमध्ये दावा टाकल्यापासून किमान ६० दिवस. हा वेळ वाचवतो म्हणून कुणी नेवाडाचा खोटा पत्ता लावून देतो. तिथे सहा आठवडे प्रत्यक्ष राहावं लागतं आणि तशी साक्ष द्यावी लागते. कुणी इकडे पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी नोटराइज करून देतो. हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट कोर्ट देतं, स्टॅम्पपेपर नाही. सिद्ध करता येईल अशी रूढी असलेल्या मोजक्या समाजांचा अपवाद सोडला तर त्या कागदाला किंमत शून्य. परस्पर संमतीने त्याच कायद्याच्या कलम १३-ब खाली अर्ज केला तर सहा महिन्यांचा थांबा कोर्ट माफ करू शकतं, २०१७ पासून. घाई असेल तर सरळ मार्ग तो आहे.

निकालाआधी कार्ड संपत असेल तर थांबून राहू नये. घटस्फोटाचा दावा दाखल करून त्याचा पुरावा जोडून वेव्हरचा अर्ज पाठवता येतो. खातं मग अंतिम निकाल मागणारं पत्र पाठवतं. टपालाचे दिवस धरून साधारण ८७ दिवस मिळतात. त्यात निकाल आला नाही तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो, म्हणून दावा लवकर टाकायचा. जोडीदार मनापासून सही द्यायला तयार असेल आणि लग्न कायद्याने अजून टिकून असेल, तर एकत्र अर्जही वैध आहे, मात्र वेगळे राहतो हे लपवायचं नाही. पुढे निकाल आला की तो पाठवून हाच अर्ज वेव्हरमध्ये बदलून मागायचा. त्यासाठी नवा अर्ज नाही, नवी फी नाही. 'कन्व्हर्जन'चे पैसे मागणारेही आहेत, म्हणून सांगितलं.

पुरावे घर सोडण्याआधी गोळा झाले तर उत्तम. लग्नाचा अल्बम अधिकारी चाळतो, पण त्याला हवा असतो संसार: दोघांच्या नावाचा भाडेकरार, जॉइंट खात्याची महिनोन्‌महिन्यांची स्टेटमेंटं, विम्यात वारस म्हणून नाव, गाडीचा विमा, मुलांचे जन्मदाखले. कागद नवऱ्याकडे राहिले तरी एकत्र भरलेल्या टॅक्सचा ट्रान्स्क्रिप्ट आयआरएस या अमेरिकी करखात्याकडून फुकट मिळतो, आणि जॉइंट खात्याची जुनी स्टेटमेंटं बँक खातेदाराला देते. ओळखीच्यांची प्रतिज्ञापत्रं त्यांनी स्वतः पाहिलेल्या गोष्टींची असावीत. एकाच साच्यातली, फक्त नावं बदललेली पाच पत्रं विकत घेतली तर उरलेल्या खऱ्या कागदांवरही संशय येतो. खोट्या लग्नाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. खऱ्या लग्नाला तसला वास लागू देऊ नये. 'तीन वर्षांत सिटिझन' हे आश्वासनही घटस्फोटानंतर बहुधा खोटं. मग सहसा पाच वर्षांचा नियम लागतो, सशर्त काळ त्यात धरला जातो.

आधीच फसला असाल तर स्वतःच्या फाइलची प्रत अमेरिकेच्या माहिती अधिकाराच्या (एफओआयए) अर्जाने मागवा. कन्सल्टंटने नावावर काय पाठवलं, सही कुणाची आहे, सगळं त्यात दिसतं. नवा वकील त्यावरूनच काम करतो. मारहाण असेल तर न्यू जर्सीत मानवी, न्यूयॉर्कमध्ये सखी, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात मैत्री या दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करणाऱ्या संस्था वकिलापर्यंत पोहोचवतात. आणि इमिग्रेशन कोर्टाची नोटीस आली असेल, किंवा आली असेल अशी शंका असेल, तर कार्डावरचा ए-नंबर टाकून कोर्टाच्या साइटवर तारीख रोज बघा. त्या तारखेला हजर राहिलात तर न्यायाधीशापुढे वेव्हरचा मुद्दा पुन्हा मांडता येतो. गैरहजर राहिलात तर देशाबाहेर काढण्याचा आदेश तुमच्या पाठीमागे निघतो.