सॅन डिएगोचं ‘एक्सक्लुसिव्ह’: खेळण्याला चार तारे, विक्रीला अर्धा

आधीच सांगते, मी खेळणी जमवत नाही. जमवतो माझा धाकटा भाऊ, नाशिकला. सहा इंची फिगर, म्हणजे सिनेमा-कॉमिक्समधल्या पात्रांच्या बाहुल्या, त्यांची खोकी, आणि त्या खोक्यांना धूळ लागू नये म्हणून वरून पारदर्शक प्लास्टिकची आणखी खोकी. मी सॅन डिएगोत राहते, एवढाच माझा या छंदाशी संबंध. पण तेवढा पुरतो. दर जुलैत इथे कॉमिक-कॉन, म्हणजे कॉमिक्स आणि सिनेमांच्या चाहत्यांची मोठी जत्रा, भरतं आणि मे महिन्यापासूनच “ताई, तू तर तिथेच आहेस ना” सुरू होतं. तेव्हा हे परीक्षण भक्ताचं नाही, हमालाचं आहे. ज्यांचं कुणी कॅलिफोर्नियात आहे आणि जे त्या कुणाला तरी यादी पाठवायच्या बेतात आहेत, त्यांनी ती पाठवण्याआधी वाचावं.

‘कन्व्हेन्शन एक्सक्लुसिव्ह’ म्हणजे फक्त त्या चार दिवसांत, त्या इमारतीत, त्या स्टॉलवर मिळणारं खेळणं. बहुतेक वेळा साचा जुनाच असतो, रंग नवा. कधी सोबत एखादं जादा हत्यार, कधी भारी खोकं. खेळण्याच्या धंद्यात खरा खर्च पोलादी साच्याचा. तो एकदा झाला की त्यातून वेगळ्या रंगाची बाहुली काढणं त्या मानाने स्वस्त पडतं. म्हणून या ‘दुर्मीळ’ मालातला बराचसा भाग म्हणजे ओळखीचाच चेहरा, कपडे बदललेला.

पण चांगलं ते चांगलं म्हणायला हवं. २०१७ साली हॅसब्रो या खेळण्यांच्या कंपनीने स्टार वॉर्सच्या ‘ब्लॅक सीरिज’ या बाहुल्यांच्या मालिकेतला ग्रँड अ‍ॅडमिरल थ्रॉन सॅन डिएगोत काढला. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे प्रिव्ह्यू नाइटचा, म्हणजे जत्रेच्या आदल्या बुधवार संध्याकाळचा बॅज (तिकीट) होता. त्याने माझ्यासाठी एक उचलला म्हणून तो आमच्याकडे आला. निळी कातडी, लाल डोळे, पांढरा कडक गणवेश. चेहऱ्यावरचा तो थंड तुच्छपणा एवढ्याशा प्लास्टिकमध्ये कुणीतरी फार मन लावून उतरवला आहे. सोबत त्याच्या कलासंग्रहातल्या बारक्याबारक्या वस्तू. हा सेनापती शत्रूची चित्रं आणि शिल्पं अभ्यासून त्याला हरवतो, हे ज्याला माहीत आहे त्याला त्या वस्तू का दिल्या ते लगेच कळतं. मला माहीत नव्हतं. भावाने व्हिडिओ कॉलवर सगळं समजावून सांगितलं आणि मग मीही ते खोकं जरा आदराने कपाटात ठेवलं.

आता मुद्दा असा, की तोच थ्रॉन त्याच वर्षी साध्या खोक्यात दुकानातही आला. कलावस्तू नाहीत, भारी खोकं नाही, पण बाहुली तीच. ज्याला पात्र हवं त्याला पात्र मिळालं आणि ज्याला मिरवायचं होतं त्याला मिरवायला मिळालं. २०१३ च्या बोबा फेटचंही, तोही स्टार वॉर्समधलाच, तसंच. कॉमिक-कॉनच्या संचात कार्बोनाइटमध्ये गोठवलेला हान सोलो जादा होता, पुढे बोबा एकटा दुकानात लागला. अशा विक्रीबद्दल माझी काही तक्रार नाही. खोकं हवं तेवढं एक्सक्लुसिव्ह करा हो, माणूस करू नका.

माणूसच एक्सक्लुसिव्ह केला की काय होतं ते लेगोकडे पाहा. २०१२ आणि २०१३ साली शझॅम, बिझारो, ग्रीन अ‍ॅरो, स्पायडर-वुमन अशा कॉमिक्समधल्या पात्रांचे छोटे पुतळे त्यांनी तिथे सोडत काढून फुकट वाटले. फुकट! ऐकायला दानधर्म वाटतो. पण ज्याच्या घरी मांडणीत बाकी सगळी मंडळी उभी आहेत आणि एकच जागा रिकामी आहे, त्याला तो पुतळा विकत घ्यायची अधिकृत सोयच नाही. मग उरतो तो ब्लॅकचा बाजार, आणि तिथे जो आकडा सांगतील तो.

सव्वा लाखाहून जास्त माणसं येतात या मेळ्याला. तिकिटाला इथे बॅज म्हणतात आणि तो दारावर मिळत नाही. आधी खातं उघडून मेंबर आयडी घ्यायचा, मग ठरल्या दिवशी संगणकासमोर बसायचं. तिथे पहिला आला म्हणून पहिला नंबर असंही नसतं. सगळ्यांना एका आभासी खोलीत कोंडतात आणि नंबर कसेही लागतात. एवढं करून बॅज मिळाला तर ती झाली पहिली सोडत. दुसरी पुढे. मोठ्या स्टॉलवर खरेदी करायची तर जत्रेच्या आधी पुन्हा त्याच खात्यात जाऊन कुठल्या दिवशी कुठला स्टॉल ते नोंदवायचं आणि निकालाची वाट पाहायची. त्या सोडतीत नाव आलं म्हणजे खेळणं मिळालं, असं समजू नका. मिळते ती रांगेत उभं राहायची परवानगी. खेळणं उरलं असेल तर मिळेल.

एका शनिवारी माझं नाव लागलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हे तिथल्या कुणाचंही होऊ शकलं असतं. ओल्ड टाउनला गाडी लावून ग्रीन लाइनच्या ट्रॉलीने गेले, कन्व्हेन्शन सेंटरच्या थांब्यावर पायघोळ झगेवाल्यांच्या लोंढ्यात उतरले, बॅज टेकवून आत शिरले आणि दिलेल्या वेळेच्या आधीच स्टॉलवर हजर झाले. रांग शिस्तीत. माणसं प्रेमळ. पुढे एक आजोबा नातवासाठी आलेले, मागे दोन मुली, तिघांच्याही हातात याद्या. अर्ध्या तासाने काउंटरपाशी पोचले तर “आजचा कोटा संपला.” पंगतीत बसवून, पान मांडून, वाढपी समोर येऊन रिकामं पातेलं दाखवतो तसं वाटलं. मग आम्हाला वेळ कशाला दिली होती, असं मी विचारलं. काउंटरवरची मुलगी बिचारी स्वयंसेवकच असावी. ती फक्त “सॉरी” म्हणाली. तिला काय बोलणार. आजोबांनी यादी घडी करून खिशात घातली आणि पोस्टरं बघायला निघून गेले. मी तिथेच उभी राहून फोनवर शोधलं, तर तीच वस्तू तिप्पट किमतीला विकायला ठेवलेली. जाहिरात आठवडाभर जुनी! म्हणजे दारं उघडायच्या आधी, माल हातात नसताना, त्याची विक्री सुरू झालेली. माणशी दोनची मर्यादा होती. पण दहा माणसं पैसे देऊन रांगेत उभी केली की वीस खोकी होतात, हे गणित त्या कंपनीला येत नसेल यावर माझा विश्वास नाही.

मला सगळ्यात गंमत वाटते ती स्टिकरची. फंको कंपनीच्या मोठ्या डोक्याच्या बाहुल्यांची पहिली झलक सॅन डिएगोतच, २०१० मध्ये दिसली. त्या वेळच्या चकचकीत बॅटमॅनची संख्या होती ४८०. आता एकच बाहुली कॉमिक-कॉनच्या स्टॉलवर एका स्टिकरने विकली जाते आणि साखळी दुकानांत दुसऱ्या स्टिकरने. बाहुली एक, खोकं एक, चिकटवलेला गोल कागद वेगळा. आणि किमतीत फरक पडतो तो त्या कागदामुळे. भावाला म्हटलं, अरे, दुकानातली घेऊन देते, मिनिटात काम होईल. तर तो दोन मिनिटं गप्पच बसला. मग म्हणाला, “ताई, तसं नसतं गं.” कसं असतं ते मला अजून कळलेलं नाही, पण त्याच्या आवाजावरून विषय वाढवला नाही.

हे सगळं सुरुवातीपासून असं नव्हतं. १९९४ मध्ये इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावी ट्रान्सफॉर्मर्सच्या, म्हणजे गाडीचा यंत्रमानव होणाऱ्या खेळण्यांच्या, चाहत्यांनी बॉटकॉन नावाचा आपला पहिला मेळा भरवला तेव्हा ब्रेकडाउन नावाचं खेळणं तिथे आलं. दुकानात जायचा त्याचा बेत रद्द झाला होता. जे एरवी कुणालाच मिळालं नसतं ते आलेल्यांच्या पदरात पडलं. याला मी भेट म्हणेन. जपानात वंडर फेस्टिव्हल या मूर्तींच्या जत्रेत तर मर्यादेमागे सरळ कायदेशीर कारण असतं. हौशी कारागीर घरी साचे करून गाजलेल्या पात्रांच्या मूर्ती बनवतात आणि मूळ मालक त्यांना फक्त त्या एका दिवसापुरता विक्रीचा परवाना देतात. तिथे माल कमी असतो कारण तो दोन हातांनी केलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी विकायची मुभाच नसते. सॅन डिएगोत विकणाऱ्या बड्या कंपन्यांना यातली कुठलीच अडचण नाही. साचा त्यांचा, परवाना त्यांचा, कारखाना आणखी दहा हजार नग काढायला तयार.

त्यांची एक बाजू मला पटते. फारसं कुणाला माहीत नसलेलं पात्र मोठी दुकानं मांडणीवर घ्यायला नाखूश असतात. ते पडून राहतं. अशा पात्राला जत्रेतलीच जागा. ठीक. पण मग किती लोकांना हवं ते आधी विचारा आणि तेवढे बनवा. हॅसब्रोनेच २०१८ मध्ये स्टार वॉर्समधल्या जब्बाच्या त्या अवाढव्य शिडाच्या जहाजासाठी हे करून दाखवलं. ५,००० जणांनी पैसे भरले तरच बनवू म्हणाले, आणि ८,८१० जणांनी मागणी नोंदवली. पाचशे डॉलरचं खेळणं! रांग नाही, ब्लॅक नाही, कुणाची पहाट वाया नाही. २०२० मध्ये साथीमुळे कॉमिक-कॉन घरबसल्या झालं, तेव्हाही बराच माल ऑनलाइन विकला गेला आणि त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. पुढे गर्दी परत आली आणि कोटेही परत आले.

इथवर मिळालं तरी नाशिक दूरच. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क भारताने २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर नेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, खूण लागते. आणि भेट म्हणून शुल्क न भरता पार्सल पाठवायचा जुना मार्ग डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाला. जीवनरक्षक औषधं सोडली तर त्यातून सूट आहे फक्त राखीला. खरंच, नियमातच तसं आहे: परदेशातल्या बहिणीने भावाला राखी पाठवावी, राखीबरोबरची भेट मात्र नाही. नारळी पौर्णिमा येते कॉमिक-कॉनच्या मागोमाग, सगळा माल माझ्या कपाटात असतो, आणि पाकिटातून जाते ती सुताची राखी.

म्हणून माल जातो सामानातून, मी घरी जाईन तेव्हा. अडचण वजनाची नाही. बाहुली असते मूठभर, खोकं असतं उशीएवढं. खोकं घडी करून आणते आणि बाहुली मोज्यात गुंडाळते, असा प्रस्ताव मी एकदा मांडला होता. त्यावर भावाच्या ग्रुपमध्ये म्हणे शोकसभा झाली. आता मी बॅगेच्या मधोमध खोकी ठेवते, चहूबाजूंनी साड्या. तरी एका खोक्याचा कोपरा दबलाच. आतली बाहुली ठणठणीत, पण भावाचा हिरमोड व्हायचा तो झालाच.

एवढ्या अनुभवावर ज्यांना तरीही मागवायचंच आहे त्यांच्यासाठी: जत्रेआधी दिसणाऱ्या जाहिरातींना पैसे देऊ नका, त्या विकणाऱ्याकडेही तेव्हा माल नसतो. आपल्याला हवं ते पात्र पुढे साध्या खोक्यात येणार आहे का, ते आधी बघा. येणार असेल तर थांबा. बॅज एकाच दिवसाचा मिळणार असेल तर माझी पसंती रविवारला. निवड कमी, पण उरलेलं परत न्यायचा कंटाळा काही स्टॉलवाल्यांना असतो आणि गर्दीही जरा माणसात आलेली असते. बड्या कंपन्यांच्या गल्ल्या सोडून एकट्या कलाकारांच्या टेबलांकडे जा. तिथे मला एका बाईने सकाळी नंबर दिला, दुपारी माल दिला, आणि तिच्याकडचं संपलं तेव्हा मागच्या माणसाचा पत्ता लिहून घेतला, बनवून पाठवते म्हणाली.

यंदाची यादी आली आहे. जे पुढे दुकानात लागणार ते मी खोडलं, जे फक्त स्टिकरसाठी मागितलंय तेही खोडलं. उरलेल्यासाठी सोडतीत नाव घातलं आहे. खोडलेली यादी परत पाठवली तर उत्तर आलं, “ताई, स्टिकरवालं एक तरी राहू दे.”